कानाशी धरलेला पाना

दुकानात पाना हातात आला की मावशी आधी तो कानाशी नेऊन हलवायची. जबडा मागंपुढं सरकणारा, अंगठ्यानं चाक फिरवून लहानमोठा करायचा पाना. जरा खुळखुळला की परत ठेवायची. "दात हालायलेत ह्याचे. माझे हालायलेत तेवढे बास झाले."

देवगाव फाट्यापासून पाथरीपर्यंत एक दुकानदार असा नव्हता, की तिला बघून ज्याचा हात शटरकडं गेला नाही. अखेर तिनं घेतला तो वीतभर लांबीचा. दुकानदार म्हणाला, "मावशी, हातभराचा घ्या, जोर येतो."

"जोर हाय की माझ्या जिभेत. पाना नटाला बसाया पायजे."

मावशीचे मालक हयात होते तेव्हा पंपाची कामं करायचे, ती नुसती बघून शिकली. बोरीतली आमची सगळी गल्ली पुढं तिच्या पान्यावर चालली. नळ, सायकली, कुलर. मावशीनं पाना दाखवला की नट लाजून आपोआप सुटायचा, असं मी पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे मान डोलावतात.

तिची रीत ठरलेली. नटाला जबडा घट्ट टेकेपर्यंत चाक फिरवायचं. मग पाना हलवून बघायचा. हलला तर पुन्हा चाक. सरकता जबडा ज्या अंगाला, त्याच अंगाला फिरवायचं. आणि शेवटी जबडा पूर्ण मिटायचा. "काम झालं की तोंड मिटावं. माणसानं बी." हे म्हणताना ती माझ्याकडंच का बघायची, मला आजवर कळलेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो ती उघडायची. एकदा ती लेकीकडं पाथरीला गेली, तेव्हा आमच्या गल्लीतला पैलवान खड्ड्यात उतरला. थोराड पाना, जोर यावा म्हणून त्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवलेला. पाना सटकला, पैलवान उताणा. आवाज पाथरीत ऐकू गेला असणार, कारण मावशी दुसऱ्याच दिवशी हजर.

"पैलवान, नट हाय, कुस्ती न्हाई." तिनं नटावरून बोट फिरवलं. "दोन कोपरे खाल्लेस. चार राह्यलेत. ते गेले की रस्ता खांदा, अन् तवर टँकरमागं पळा."

त्यानंतर त्या खड्ड्यात दुसरं कोणी उतरलं नाही. पण मावशीचा अंगठा आखडत गेला, चाक फिरेना. लेक कायमची न्यायला आली तेव्हा गल्ली हळहळली. मावशीसाठी किती आणि व्हॉल्व्हसाठी किती, ते विचारू नका.

जीपमध्ये बसायच्या आधी तिनं पाना पैलवानाच्या हातात दिला. आम्ही सगळे बघत राहिलो. जबडा उघडा होता. मिटवल्याशिवाय तिनं पाना खाली ठेवलेला कोणी पाहिला नव्हता. चाकावर लुगड्याच्या काठाचा दोरा करकचून गुंडाळलेला.

"व्हॉल्व्हच्या नटाचं माप हाय. मिटू नको याला."

"अन् नाही बसला तर, मावशी?"

"बसतोय. तू नुसता दमानं घे."

मावशी पुढं पाथरीतच वारली. पाना पैलवानाच्या दारामागं खिळ्याला असतो, दोरा मळून काळा झालाय. पाण्याच्या दिवशी पैलवान तो काढतो, आधी कानाशी नेऊन हलवतो, मग खड्ड्यात उतरतो.

नटाचे चार कोपरे अजून शाबूत आहेत.