याद चहा घेणारांची

नाव : नीलकंठ दामोदर सुभेदार. वय : एकोणसत्तर वर्षे चार महिने. वास्तव्य : नेपियर टाउन, जबलपूर, स्वतःच्या मालकीच्या घरात. सेवा : एका सरकारी महामंडळाची आवक-जावक शाखा, अखेरचा हुद्दा अधीक्षक. ओळखीची खूण : खिशाला दोन पेनं, पैकी एक चालू स्थितीत. अभ्यासविषय : चहाचा इतिहास आणि व्यापारमार्गे झालेला प्रसार. विशेष अर्हता : सदर इसम हे जबलपूर शहरात चहा आणणाऱ्या घराण्याचे विद्यमान प्रतिनिधी असून सदर बाब त्यांनी स्वतः प्रमाणित केलेली आहे.

शेवटच्या कलमाला पुरावा काय, हे विचारायचं नसतं. सुभेदारांनी छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. पत्रात काय लिहिलंय हे पाहण्याची जबाबदारी त्या टेबलाकडे नव्हती, आणि दुसऱ्याची जबाबदारी अंगावर ओढून घेण्याइतके ते उथळ नव्हते. घरच्या इतिहासाशीही त्यांनी हीच शिस्त पाळली. आडनाव सुभेदार असलं तरी घराण्यात सुभा कधी कोणाकडे नव्हता. भोसल्यांच्या अमदानीत एक पूर्वज सुभेदाराच्या कचेरीत कारकून म्हणून आला. पुढे कचेरी गेली, सुभेदार गेला, आणि आडनाव तेवढं बेवारस सापडलं ते याने घरी नेलं.

इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत सुभेदारांचं चहावर व्याख्यान होतं. बावीस वर्षं होतंय. सुरुवात चीनच्या त्या सम्राटापासून, ज्याच्या उकळत्या पाण्यात वाऱ्याने पान पडलं. सम्राटाला ते वीस मिनिटं देतात. मग कंपनी सरकार येतं. इंग्रजांना चहाची चटक लागली, चीनला त्यांच्याकडचं चांदीशिवाय काही नको होतं, चांदी पुरेना, तेव्हा अफू पुढे करण्यात आली. त्यात आपल्या शेजारच्या माळव्याचीही अफू होती. माळव्याच्या शेतात बोंड चिरलं जायचं तेव्हा लंडनच्या कपात चहा पडायचा. हा भाग खरा आहे आणि सुभेदार तो घाईने उरकतात, कारण त्यात सुभेदार नाहीत. मग आसाम, मग मळे, मग १८६७ साली अलाहाबादेहून जबलपूरला आलेली रेल्वे. आणि त्या रेल्वेतून उतरतो चहाचा पहिला खोका. तो उतरवून घ्यायला फलाटावर उभे असतात सुभेदारांचे पणजोबा, अंताजी गोविंद. इथे आवाज भरून येतो आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला जातो.

पहिली गाडी आली तेव्हा अंताजी पाच वर्षांचे होते. हे गणित सभागृहात कोणी केलं नाही, कारण व्याख्यानानंतर फराळ असतो.

चहा आपल्या घरात कसा शिरला, हे खरं तर कोणाही घराण्याला मिरवता येण्यासारखं नाही. १९३०च्या आसपास जगभर मंदी आली, माल पडून राहिला, तेव्हा मळेवाल्यांना इथल्या कोट्यवधी तोंडांची आठवण झाली. पगारी माणसं किटल्या घेऊन चौकाचौकांत, स्टेशनांवर, दारोदार फिरली आणि फुकट पेले वाटत सुटली. पुढे यंत्रावर पत्तीचा बारीक, कडक, स्वस्त दाणा निघू लागला आणि उरलेली घरंही पडली. तिकडे खपेना म्हणून जी वस्तू आपल्या गळी उतरवली, तिला आपण पाहुणचार म्हणतो. हे सांगितलं तर फराळाची चव जाते, म्हणून सुभेदार सांगत नाहीत.

त्यांचा पुरावा देवघरात होता. लाल रुमालात बांधलेलं मोडीतलं दप्तर. दर दसऱ्याला ते पाटावर ठेवून त्याला हळद-कुंकू आणि अक्षता वाहायच्या, नमस्कार करायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचं. वाचायचं नाही; वाचता कोणाला येत होतं? १९८१ साली वडिलांनी कांचघर मोहल्ल्यातल्या एका निवृत्त रेकॉर्डकीपरला बोलावलं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने पहिली ओळ लावली, “याद चहा घेणारांची, शके अठराशे एकोणीस,” आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून उरलेलं पुढच्या खेपेस वाचतो म्हणाला. पुढची खेप आली नाही. खाली एकोणीस नावं आहेत आणि नावांपुढे आकडे आहेत, एवढं घरातल्यांनाही दिसत होतं. चहा घेणाऱ्यांची नावं, पुढे आकडे, म्हणजे गिऱ्हाइकं. म्हणजे एजन्सी. म्हणजे अंताजींनी जबलपूरला चहा आणला. एका ओळीवर एवढी इमारत उभी राहिली आणि सुभेदार तिच्यात चाळीस वर्षं भाडं न देता राहिले.

गेल्या वर्षी मंडळाने मागच्या बाजूला नवीन उपाहारकक्ष बांधला. सुभेदारांनी अर्ज केला : कक्षास ‘कै. अंताजी सुभेदार चहाघर’ असे नाव द्यावे व त्यांची तसबीर दर्शनी भिंतीवर लावावी. आयुष्यात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. नातवंडं बंगलोरला, त्यांना मराठी नीट येत नाही. सुभेदारांच्या माघारी हे नाव कुठे राहील तर याच भिंतीवर. तीन रात्री झोप नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. अर्जाचा मसुदा मात्र एकदम पक्का : पुराव्यादाखल मूळ दप्तर व त्याचे संपूर्ण लिप्यंतर सादर करण्यात येईल.

अंताजींचा फोटो नव्हता. कमानिया गेटजवळच्या स्टुडिओत वडिलांच्या फोटोला पगडी आणि मिशा चढवून अंताजी तयार करण्यात आले. मनगटावरचं घड्याळ राहून गेलं. स्टुडिओवाला म्हणाला, “भैया, निकालने में दो दिन और लगेंगे.” सुभेदार म्हणाले, राहू दे.

लिप्यंतरासाठी मंडळाने दुर्वा घोरपडेला सांगितलं. बँकेत अधिकारी, साताऱ्याहून बदलून आलेली, पुण्यात मोडीचा वर्ग केलेली. एका रविवारी ती भिंग घेऊन सुभेदारांकडे बसली. समोर सुभेदार, आणि दारात त्यांच्या पत्नी पद्मजाताई, पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.

“जोरात वाच बेटा,” सुभेदार म्हणाले. “तुझ्या काकूलाही ऐकू दे. लग्न झाल्यापासून विचारून राहिली, त्या गाठोड्यात आहे काय म्हणून.”

दुर्वाने अर्धा तास मनातल्या मनातच वाचलं. मग भिंग खाली ठेवलं.

“काका, ही गिऱ्हाइकांची यादी नाहीये.”

“मग?”

“तक्रार आहे.”

“पणजोबांच्या विरुद्ध?” सुभेदारांच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. विरोध मोठ्या माणसांनाच होतो.

“नाही. त्यांनीच केलेली. एका गोऱ्या डॉक्टरच्या बंगल्यावर आपल्यातले एकोणीस जण चहा प्यायले. कोणी किती पेले घेतले ते पुढे लिहिलंय. आणि खाली शास्त्रीबोवांना विनंती आहे, ‘सबब यांस प्रायश्चित्त द्यावे, तोवर पंक्तीस घेऊ नये.’ पुण्याला सात वर्षं आधी मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून लोकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं ना, तसंच इथेही व्हावं म्हणून.”

“अच्छा,” पद्मजाताई म्हणाल्या. “म्हणजे दर दसऱ्याला आपण चुगलीची पूजा करून राहिलो.”

“चुगली नाही म्हणत याला,” सुभेदार म्हणाले. “अहवाल म्हणतात.”

“हो का जी. मग अहवालाला कुंकू लावलं.”

सुभेदारांनी खुर्ची दुर्वाकडे सरकवली. “बेटा, मोडी कधी कधी दोन तऱ्हेनं लागते ना?”

“अक्षर वाईट असलं तर. यांचं अक्षर फार सुंदर आहे, काका.”

“तू असं कर. मंडळाला इतकंच लिहून दे, का चहा घेणारांची याद आहे. आता हे काही खोटं नाही.”

“मला पूर्ण लिप्यंतर द्यायचंय.”

“पूर्ण काहून? कोण मागून राहिलं पूर्ण?”

“तुम्हीच. अर्जात आहे तसं.”

पद्मजाताई चहा टाकायला आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. त्या तो खोकल्याखाली लपवण्याचा प्रयत्नही करत नव्हत्या.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. अध्यक्ष चिंतामणी केकरे, निवृत्त प्राचार्य, यांनी लिप्यंतर मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या नावाशी थांबले.

“‘केकरे सदाशिव बाळाजी, दोन पेले, बशीत ओतून.’ हे तर आमचे पणजोबा आहेत जी.”

सुभेदारांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, आता केकरे चिडणार. त्यांना जबलपूरच्या मराठी माणसाची ओळख एकोणसत्तर वर्षांत झाली नव्हती.

“अठराशे सत्त्याण्णव साली,” केकरे म्हणाले. “उघड उघड. दोन पेले. आमच्या खानदानात सुधारणा किती जुनी आहे पाहा.”

या सदाशिवरावांनी पुढे मुकाट्याने पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त केलं, हेही त्याच कागदाच्या समासात नोंदलेलं होतं. ते वाचताना केकऱ्यांचा चष्मा पुसायचा राहिला होता. कागद हातोहात फिरला. ज्यांचे पूर्वज यादीत निघाले ते खुर्चीत सरळ बसले. ज्यांचे तीन पेले होते ते दोन पेल्यांकडे जरा वरून पाहू लागले. विभावरी पाटणकरांनी विचारलं, यादीत माहेरचं नाव चालतं का. शास्त्रीबोवांच्या वंशातले एक सभासद होते, त्यांना अचानक कोणाला तरी फोन करायची आठवण झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कागदाने यांच्या घरांवर बहिष्कार मागितला, तोच आता यांचं प्रशस्तिपत्र झाला होता, आणि त्यासाठी कोणालाही काही करावं लागलं नव्हतं. चहाघराला नाव द्यायचं नाही, त्याऐवजी एकोणीस नावांची संगमरवरी पाटी लावायची, असं दहा मिनिटांत ठरत आलं.

“आणि अंताजी?” सुभेदार म्हणाले.

“त्यांचं काय आता नीलकंठजी,” केकरे म्हणाले. “राहू द्या ना. आम्ही काही मनात ठेवून नाही राहिलो.”

मग सुभेदार उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी स्वतः केलेला हा पहिला विचार असावा.

“दोन पेले, तीन पेले, बशीत ओतून,” ते म्हणाले. “हे रस्त्यावरून दिसते का? याला समोर बसावं लागते. म्हणजे अंताजी आत होते. टेबलाशी होते. आणि डॉक्टर एकोणीस जणांना चहा देईल अन् विसाव्याला तसाच बसवून ठेवेल, असं कुठे होते का? ते प्यायले. मग घरी येऊन पस्तावले, अन् लिहिलं. विसावं नाव त्यांचं पाहिजे. अन् लिहून ठेवलं त्यांनीच, म्हणून तसबीर पण पाहिजे.”

पणजोबांना धर्मरक्षक ठरवण्याची चांगली संधी होती. ती सोडून या माणसाने त्यांना भर बैठकीत चहाबाज आणि त्यावर ढोंगी ठरवलं होतं, फक्त भिंतीवर जागा मिळावी म्हणून. युक्तिवाद मात्र बिनतोड होता.

“पॉइंट तर आहे जी,” केकरे म्हणाले. “दुर्वा बेटा, ते कुठे बसले होते, असं काही लिहिलं आहे?”

“वाचलं त्यात नाही. शेवटचं पान राहिलंय. ते हळद-कुंकवाने पुठ्ठ्याला चिकटलंय.”

“सोडवा,” सुभेदार म्हणाले. “माझी हरकत नाही. तसं मिनिट्समध्ये घ्या.”

तसं घेण्यात आलं. शेवटच्या पानात अंताजी आत बसलेले निघाले तर विसावं नाव आणि तसबीर, दोन्ही मंजूर, असा ठराव झाला. दुर्वाने ओल्या टीपकागदाखाली ते पान चार दिवस ठेवलं. पुढच्या रविवारी सुभेदार मंडळात तसबीर घेऊनच आले, ऑटोतून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत खिळा आणि हातोडी.

त्यांनी ती त्याच ऑटोने परत नेली. कारण शेवटच्या पानावर चार ओळी होत्या आणि दुर्वाने त्या बँकेत खातेदाराचं नाव वाचावं तशा वाचल्या :

“वरील याद आम्ही समक्ष पाहोन, खातरजमा करोन, धर्मकार्यास्तव लिहिली असे. बंगल्याचे पूर्वेकडील खिडकीबाहेर, कण्हेरीचे आड, दिवेलागणीपर्यंत उभे होतो. पौष मास, थंडी बहुत. आत कोणी बोलाविले नाही.”