गुडघ्यांचा नवस

ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टर्समध्ये आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा एक घोळका आहे. बॉयलर विभागातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार असलेले एक काका त्याचे पुढारी. एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, की आता पाठीवर पिशव्या घेऊन खऱ्या जंगलातल्या रस्त्याने चालायचं आणि एक रात्र मुक्काम करायचा. पण सगळं सावकाश. जो सगळ्यांत हळू चालेल त्याच्या चालीने बाकीचे चालणार, एखादं झाड आवडलं तर थांबणार, आणि कोणाच्याही गाडीत बसायचं नाही. सगळ्यांत हळू मीच चालते, त्यामुळे मला हे नियम फार पटले. माझ्या नवऱ्याला तेवढे पटले नाहीत.

नागभीडला रेल्वेतून उतरून आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. मुक्काम तलावाकाठच्या एका गावात, काकांच्या ओळखीच्या मासेमारी करणाऱ्या घरी.

थोड्याच वेळात कळलं, की इथे कोणी आपल्याला सुखाने चालू देणार नाही. पहिला मोटरसायकलवाला थांबला. मागे त्याची बायको, दोघांच्या मधे पोतं. "बसा एक जण," तो म्हणाला. कुठे बसायचं ते त्याने सांगितलं नाही. मग ट्रॅक्टर थांबला. आम्ही नको म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा उतरला. "ट्रॉली खराब आहे काय आमची?" काकांना त्या ट्रॉलीची बरीच तारीफ करावी लागली, तेव्हा तो हलला.

जंगलाचा पट्टा लागला तसा मागून लाल बसचा आवाज आला. बस थांबली आणि कंडक्टरबाई खाली उतरल्या.

"काऊन पायी जाऊन राह्यले?"

"मुद्दाम चालतोय," काका म्हणाले.

"मुद्दाम म्हंजे?"

"म्हणजे चालायचं म्हणून."

बाईंनी काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "परवा इथीच वाघानं गोऱ्हा नेला. बसा गाडीत."

काकांनी सांगितलं, की वनरक्षकाला विचारूनच निघालो आहोत, दिवसा या रस्त्याने लोक पायी जातात.

"जातेत नं. काम असलं तं जातेत."

एव्हाना खिडक्यांतून अंदाज सुरू झाले होते. कोणी म्हणालं, यांची गाडी बिघडली असेल. कोणी म्हणालं, घरी भांडण झालं असेल. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने निकाल दिला, "नवस असन त्यायचा."

खिडक्यांतल्या सगळ्या माना डोलल्या. काका समजावून समजावून थकले होते. म्हणाले, "हो. नवसच आहे."

"कायचा?"

माझी शेजारीण मागून म्हणाली, "गुडघ्यांचा."

दिवसभरात आमची ही पहिली गोष्ट लोकांना समजली. म्हातारी खाली उतरली, चपला काढून हातात घेत म्हणाली, "नवसाच्या लोकायसंग चाललं तं आपल्यालेबी पुन्य लागते." तिच्यामागून अर्धी बस उतरली. कंडक्टरबाईंनी मुक्कामाचं गाव विचारलं आणि आमच्या पिशव्या ओढून घेऊन रिकाम्या सीटांवर ठेवल्या. प्रवासी सोडून जाता येईना, म्हणून ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये आमच्यामागून यायला लागला.

अडचण एकच होती. त्या लोकांना सावकाश चालता येत नव्हतं. बघता बघता म्हातारीसकट सगळे वळणापलीकडे दिसेनासे झाले. ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली, हॉर्न दिला आणि आम्हाला ओलांडून तो आपल्या प्रवाशांमागे निघून गेला. आमच्या पिशव्याही गेल्या. वाघाच्या रस्त्यावर आम्हीच उरलो, मोकळ्या पाठींनी.

"आता जरा भरभर चाललीस तरी चालेल," नवरा म्हणाला. त्या दिवशी मी कशी चालले ते मलाच माहीत.

गावात पोचलो तर पिशव्या पारावर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं. बायकांनी आमच्या पायांवर पाणी घातलं. एक वयस्कर माणूस लंगडत काकांजवळ आला. "माह्याबी गुडघ्याचं सांगजा भाऊ."

"सांगतो," काका म्हणाले. कोणाला सांगायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरभर माशांच्या रश्श्याचा वास सुटला होता. आमच्या ताटात मात्र वरण-भात आला. घरातल्या आजी म्हणाल्या, "नवसाच्या माणसानं मासा खाऊ नाई."

शेजारीण उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने सुनेला सगळं खरं सांगून टाकलं. सून तोंडाला पदर लावून हसत बसली. मग म्हणाली, "सासूले नोका सांगू बाई. तिनं नवसाचं गावभर सांगतलं आहे." त्यानंतर आम्ही एकेक जण हात धुवायला म्हणून मागच्या चुलीपाशी जाऊन रस्सा-भात खाऊन आलो. माझा नवरा दोनदा हात धुऊन आला.

काका उठले नाहीत. आम्ही हळूच खुणावलं, तर तेवढ्याच हळू म्हणाले, "मी त्या माणसाला शब्द दिलाय."

"काका, पण नवसच नाही," शेजारीण कुजबुजली.

"आता आहे," काका म्हणाले आणि त्यांनी आजींकडे आणखी वरण मागितलं.

त्या माणसाचा गुडघा काही बरा झाला नाही, काकांचेही नाहीत. पण काका आता दर हिवाळ्यात तो रस्ता चालतात आणि तिथे वरण-भात जेवतात. आम्ही बाकीचे सोबत जातो. हात धुवायला आम्हाला एवढा वेळ का लागतो, हे आजींनी अजून तरी विचारलेलं नाही.