हलीनाबाईंचं नाव

कुठलाही फॉर्म हातात आला की हलीनाबाई आधी तो स्वतः भरून टाकत. तोही खरी उत्तरं देऊन. मँचेस्टरच्या एका विद्यापीठात मी तरुण मुलांच्या मोकळ्या वेळेवरची प्रश्नावली पोलिशमध्ये आणत होतो. ‘मोकळ्या वेळेत मला कंटाळा येतो’ या वाक्यापुढे छप्पन्न वर्षांच्या बाईंनी ‘कधीच नाही’वर खूण केली. म्हणाल्या, “मिस्टर साळवे, मोकळा वेळ द्या आधी, मग कंटाळ्याचं बघू.”

त्या आमच्या मजल्यावर सफाईचं काम करत. त्याआधी पोलंडमध्ये सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. मुलगी इकडे आली म्हणून मागोमाग आल्या. मला पोलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐट काय विचारता! काम वेळेत झालं तर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं.

कामाची रीत सोपी. एकाने इंग्रजीचं पोलिश करायचं. दुसऱ्याने, मूळ न बघता, त्या पोलिशचं परत इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रजी ताडून पाहिली की चुका उघड्या पडतात. पोलिश एका विद्यार्थिनीने केलं होतं, परत इंग्रजी करायला मी ते बाईंना दिलं. आणि त्यांचं इंग्रजी कच्चं म्हणून सोबत मूळ कागदही दिला! आपल्याकडे परीक्षेआधी सर ‘आयएमपी’ सांगतात ना, त्याच मायेने.

सगळं तंतोतंत जुळलं. प्रकल्पाचे प्रोफेसर खूश, मी हवेत. “अहवालात भाषांतरकार म्हणून तुमचं नाव छापणार,” मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “या देशात माझं नाव फक्त सफाईच्या वेळापत्रकात आलंय.” लगेच त्यांनी मुलीला फोन लावला.

नावाचं स्पेलिंग तपासायला मी त्यांना अहवालाचा मसुदा दिला. बाईंनी तो अख्खा वाचला. ‘दुसऱ्या भाषांतरकाराने मूळ पाहिलेले नव्हते’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे खोटं आहे.”

“अहो बाई, एवढं कोण बघतंय?” काय माझी अक्कल!

“मी बघितलं ना! कॉपी करणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करायचे. आता मी कुठे उभी राहू?”

मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टची भीती वाटली. दोन दिवस पोटदुखीचं निमित्त करून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी प्रोफेसरांपुढे सगळं ओकलो. ते चष्मा पुसत “आय सी” एवढंच म्हणाले. इंग्रजाचं ‘आय सी’ म्हणजे आपल्याकडची कानाखाली.

मूळ न दाखवता नव्या माणसाकडून काम करून घेतलं, तर आमच्या पोलिशमध्ये कंटाळलेली मुलं चक्क आळशी ठरत होती! पाच वाक्यं बदलावी लागली. अहवाल लांबला आणि माझं कॉन्ट्रॅक्ट गेलंच.

बाई कायमच्या पोलंडला परत निघाल्या तेव्हा छापील अहवाल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. निदान आभारात तरी नाव घालू द्या म्हणून मी किती विनवलं होतं, पण त्यांनी साफ नकार दिला होता. त्यांनी भाषांतरकारांचं पान काढलं आणि एकेक नाव बोटाने तपासलं; त्यांचं त्यात नव्हतं. मला रडू आवरेना.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि ती प्रत त्यांनी बॅगेत कपड्यांच्या घडीवर, सगळ्यात वर ठेवली.