यादीतलं नाव

तात्या घाडी फोनशी मोठ्याने बोलत. फोनवर नव्हे, फोनशी. लालबागच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. गिरणी बंद पडेपर्यंत साचेखात्यात मागावर होते. मी इथे राहायला आले तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. नवं अ‍ॅप घेतलं की गॅलरीत खुर्ची टाकून ते त्याची उलटतपासणी घेत. "टॉर्चाक माजे फोटो कित्याक व्हये?" असं विचारून परवानगी नाकारत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत.

रविवारी सकाळी चाळीतल्या बायका आपापले फोन घेऊन त्यांच्यापुढे बसत. मीही बसले होते, फोटो सुंदर करणारं एक अ‍ॅप घेऊन.

"ह्यां कोणी केल्यान?"

"माहीत नाही, तात्या."

"आणि तू तेका तुझो चेहरो दिलंस? काढ."

मी काढलं. वाद घातला तर अर्धा तास जाई आणि शेवटी काढावंच लागे. "स्टोअरातून घेवा, करणाऱ्याचा नाव बघा, लिंकवरून इला ता घेव नकात," एवढंच त्यांचं शास्त्र होतं. चाळीत कुणाचा फोन कधी बिघडला नाही, असं नाही. पण बिघडवणाऱ्याला तात्यांना तोंड दाखवावं लागे.

गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरासाठी तात्यांनी अर्ज भरलेला होता. सोडत निघे, त्यात त्यांचं नाव नसे. एका खोलीत मुलगा, सून, दोन नाती; म्हणून तात्या गॅलरीत झोपत. याविषयी मात्र ते कधी बोलत नसत.

एका दुपारी कामगारांच्या ग्रुपवर निरोप आला: नवी यादी लागली आहे, नाव पाहण्यासाठी सोबतचं अ‍ॅप घ्या. फोनने तात्यांना दोनदा बजावलं, की हे बाहेरून आलेलं आहे, धोक्याचं असू शकतं. त्यांनी दोन्ही वेळा 'तरीही' दाबलं. मग अ‍ॅपने मेसेज मागितले, सगळ्यांचे नंबर मागितले. तात्यांनी सगळं दिलं. कित्याक, हे विचारलं नाही.

थोड्या वेळाने तीच फाइल त्यांच्या नावाने चाळीतल्या प्रत्येक फोनवर गेली. मी तेव्हा परळच्या ऑफिसात होते. तात्यांनी पाठवलंय म्हणजे तपासलेलंच असणार, असं मी धरून चालले. फाइल उघडणार एवढ्यात समोर एक साहेब आले, म्हणून राहिली.

त्या साहेबांच्या मागोमाग तात्या. घामाघूम. आपल्या नावाने निरोप सुटताना दिसले तसा त्यांनी फोन बंद करून ठेवला होता, म्हणून कळवायला स्वतः चालत निघाले होते. आधी चाळीचे चारही मजले, प्रत्येक दार, मग मी.

"शैला, माझ्या नावान काय इला तर उघडू नको. मी चुकलंय."

"तुम्ही, तात्या?"

"नाव होता गो माजा यादीत," ते म्हणाले. "वडलांच्या नावासकट. गिरणीचा पण."

मी त्यांना पाणी दिलं. ते उभ्यानेच प्यायले आणि करी रोडला एक जुना सोबती राहतो, त्याला सांगायला गेले.

पुढच्या रविवारी त्यांच्यापुढे कुणी बसलं नाही. लाजेने, त्यांच्या चुकीच्या नव्हे, आमच्या; नाव त्यांचं म्हणून आम्हीही काही तपासलं नव्हतं. त्यांनी खुर्ची टाकली आणि हाका मारल्या. "येवा. पयली माजी चूक आयका, मग तुमचे फोन बघतंय." पुढे दर रविवारी तेच. निरोप कसा आला, फोनने काय बजावलं, आपण काय दाबलं, सगळं क्रमाने. नवीन कुणी आलं की पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी तात्या गेले. घर मिळालं नव्हतं. बाराव्याला गॅलरीत पानं मांडली होती आणि एकदम पाच-सहा फोन वाजले. नवी यादी, सोबत अ‍ॅप. ज्यांच्या घरातून अर्ज होते त्यांनी फोन काढून वाचलं. उघडलं कुणीच नाही. पण लगेच पुसूनही कुणी टाकलं नाही.