बारशाचं बोलावणं

आमच्या थेटरवाल्या शेठजींना जर्मन साहेबाबरोबर भागीदारीत सिनेमा काढायचा होता. बोलणी करायला त्यांनी वकील सोडून सोयरीक जमवणारा एक म्हातारा आणला. त्याच्या पटक्यात वैरागचा अख्खा बाजार मावला असता, आणि मारुतीचं लग्नसुद्धा त्यानं जमवत आणलं होतं म्हणे!

साहेबाचं इंग्रजी मी मराठीत सांगत होतो. पैसा, नट, हत्ती सगळं शेठजींचं ठरलं. म्हाताऱ्यानं दोघांच्या तोंडात साखर घातली आणि मग सवयीनं विचारलं, "बाळंतपण कुणाकडं?"

सिनेमा पुरा कुठं होणार, असं मी हसत हसत साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, फिल्म बर्लिनलाच धुणार, तिथंच पुरी करणार.

म्हातारा चपापला. "हे साखरेआधी इचारायचं असतंय."

"आवो मामा, पयलं बाळंतपण माहेरीच की!" शेठजी हसले.

पुढं सिनेमा सोलापुरात लागला. पडद्यावर हत्ती शेठजींचे, इंग्रजीतलं नाव एकट्या साहेबाचं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी ते कानात सांगितलं.

"पोर आपलंच हाय," तो पुटपुटला, "पर बारशाला आपल्याला बोलावलं न्हाय की."

तेवढ्यात मागून शेठजींनी विचारलं, "आमचं नाव कवा येतंय रं?"

म्हाताऱ्यानं पटक्याचा शेमला तोंडावर ओढला. माझ्या डोक्यावर नुसती टोपी होती.