दस्तीखालचा हात

शांतप्पाण्णा महत्त्वाचं कधीच तोंडानं बोलत नसत. खांद्यावरची दस्ती, म्हणजे तो पांढरा टॉवेल, ते समोरच्याच्या हातावर टाकायचे, खालून त्याची बोटं धरायचे आणि वर मात्र पाऊस, तूर, पोरांची लग्नं असलं काहीबाही बोलत राहायचे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मला त्यांचा राग आहे, आणि माती दिली म्हणून तो गेलेला नाही.

त्यांचे वडील बीदरकडच्या निर्णा गावचे, बैलांचे हेडी, म्हणजे खरेदी-विक्री जुळवणारे दलाल. बैलबाजारात भाव ओरडून ठरत नाही. रुमालाखाली बोटं दाबून ठरतो आणि शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. अण्णा हे लहानपणीच शिकले, आणि पुढे आमदार होऊन पक्षाचे व्हिप झाले तेव्हा बाजारची ही रीत थेट बेंगळुरूला घेऊन गेले. व्हिपचं काम म्हणजे पक्षाचे सगळे आमदार सभागृहात हजर ठेवायचे आणि पक्ष सांगेल तसंच मत द्यायला लावायचं. त्याचा आदेश मोडला की आमदारकी जाते. मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णा आमदार निवासात खोलीखोलीतून फिरायचे. दस्ती टाकायचे. समोरच्यानं बोटं मोकळी ठेवली तर तो राजी, मूठ आवळली तर नाराज. तोंडानं कुणीच काही बोललेलं नसायचं, त्यामुळे बाहेर काही जायचं नाही. नाराज माणसाच्या पाठीवर हात फिरवत अण्णा म्हणायचे, "बैल खुट्याला पाहिजे. मग शिंगं कितीबी हलवू दे की!" आणि दुसऱ्या दिवशी तो बैल बरोबर खुट्याला असायचा.

मला राजकारणात त्यांनीच ओढलं. माझे वडील त्यांच्या घरून बैल घ्यायचे, तेवढ्या ओळखीवर त्यांनी माझी मास्तरकी सोडवली आणि तिकीट आणून दिलं. सभागृहातल्या पहिल्या भाषणाला मी नुसतीच कागद चाळत उभी राहिले, तर पुढच्या बाकावरून वळून हळूच म्हणाले, "घाबरायलीस कामून, सुमक्का? समदे बाजारातलेच हायत." मला हसू फुटलं आणि भाषण झालं. त्यांच्या या चांगुलपणामुळेच राग जास्त येतो. माणूस नुसता वाईट असता तर कधीच विसरून गेले असते.

माझ्या बाबतीत त्यांची एकच अडचण होती. "बाईच्या हातावर दस्ती कशी टाकू? तुझ्यासंगं तोंडानंच बोलावं लागतंय बघ." त्यामुळे पक्षातलं जे एकुलतं एक 'नाही' त्यांना कानानं ऐकावं लागलं, ते माझं.

आमच्याच सरकारनं कायदा आणला की गावोगावची गायरानं कारखान्यांना देता येतील. आमच्या गावचं गायरान म्हणजे लाल मुरमाचा माळ. दिसायला काही नाही, पण निम्म्या गावच्या बायका त्याच्या जिवावर शेळ्या पाळून घर चालवतात. प्रचारात त्या माळावर उभं राहून मी शब्द दिला होता की हा माळ जाऊ देणार नाही. अण्णा शेजारीच उभे होते. पहिली टाळी त्यांचीच.

मतदानाच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. चहाला हातही लावला नाही.

"सुमक्का, उद्याचा इचार काय?"

"न्हाई, अण्णा. मी इरोधात उभी राहणार."

"आमदारकी जाईल."

"जाऊ द्या."

"मी घालवणार न्हाई. कायदा घालवंल."

"सही तर तुमचीच असंल न्हवं? बरं, ते जाऊ द्या. तुमचं मत काय? त्या माळावर टाळी वाजवलीत तुम्ही."

"व्हिपला मत नसतंय. चाबूक कधी इचारतोय का, बैल कुणाचा हाय म्हणून?"

"आज किती जणांनी मूठ आवळली, तेवढं तरी सांगा."

"बाजारातलं बाजारात ऱ्हातंय, अक्का." दस्तीची घडी घालत ते उठले आणि निघून गेले.

आमच्या सभागृहात मत द्यायचं म्हणजे रांगेरांगेनं उभं राहायचं, आधी कायद्याच्या बाजूच्यांनी, मग विरोधातल्यांनी. सगळ्यात आधी अण्णा उभे राहिले आणि मागं वळून एकेकाचं तोंड बघायला लागले. गायरानासाठी जीव देईन म्हणून कँटीनमध्ये टेबल बडवणारा कलबुर्गीकडचा एक वाघ माझ्याशेजारी होता. तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा राहिला. अण्णांनी मला डोळ्यांनी 'ऊठ' म्हणून खुणावलं. माझ्या डोक्यात अशी सणक गेली! मी बसूनच राहिले. विरोधातल्या मतांची वेळ आली तेव्हा उठले. आमच्या बाजूनं मी एकटीच.

पक्षानं मनात आणलं असतं तर मला माफ करता आलं असतं. अण्णांनी तसा शब्दही काढला नाही. मला अपात्र ठरवायच्या अर्जावर सही केली आणि माझी आमदारकी गेली. माळाला तारेचं कुंपण पडलं. बायकांनी शेळ्या बाजारात नेऊन विकल्या, आणि त्यातली एक मला रस्त्यात अडवून म्हणाली, "बाई, तुम्ही खरं बोललाव, पर एकट्याच बोललाव." ज्यांनी दस्तीखाली मुठी आवळल्या, ते सगळे आजही आमदार आहेत.

मग अण्णांना लकवा मारला. एक बाजू गेली, वाचा बसली. त्यांच्या मुलाचा फोन आला, "अक्का, अप्पा भिंतीवरच्या प्रचाराच्या फोटोत तुमच्यावरच बोट दावायलेत. एकदा येऊन जावा." मी बीदरला गेले. बघायला म्हणून नाही. चार शब्द सुनवायचे राहिले होते, म्हणून गेले.

खोलीत मुलगा, सून आणि पक्षाचे दोन-तीन कार्यकर्ते होते. अण्णांनी चांगल्या हातानं उशाची दस्ती ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातावर टाकली. खाली माझ्या तळव्यात त्यांनी त्यांची मूठ ठेवली. आवळलेली, गच्च. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही. मला एवढंच कळलं की हा कायदा चुकीचा आहे हे ह्या माणसाला तेव्हाही ठाऊक होतं, आणि आजही ते झाकूनच सांगायचंय.

मी दस्ती ओढून काढली.

उघड्यावर आलेली ती आवळलेली मूठ माझ्या हातावर तशीच राहिली. सगळे बघत होते. मुलानं विचारलं, "अप्पा काय म्हणायलेत, अक्का?"

"न्हाई म्हणायलेत," मी म्हणाले. "मतदानाच्या दिवशी म्हणायचं होतं, ते आज म्हणायलेत."

अण्णांनी दस्तीसाठी हात पुढं केला. मी ती दिली नाही.