व्हा पुढे, मी आलोच

माझा नवरा जाऊन आज वर्ष झालं.
तीन आठवड्यांपूर्वी तो माझ्या एकोणीस मिनिटं मागे चालत होता.

थांबा, सांगते. डोकं ठिकाणावर आहे माझं.

मागच्या वर्षी लेकीच्या सुट्टीत आम्ही माल्टाला गेलो होतो. मी, मिलिंद आणि आमची मीरा.
किनाऱ्याने अर्ध्या दिवसाचा हाइक. चुनखडीचे पांढरे कडे, आणि मध्येच वाट खाली उतरते ती कड्यांच्या पोटात लपलेल्या एखाद्या चिमुकल्या किनाऱ्यावर.

मी इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारी.
तो दिवसभर अबू धाबीकडे मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये उभा राहणारा, आणि घरी आला की सोफ्यावर आडवा होणारा.
तो मागे पडणार हे मी धरूनच चालले होते.

दर थोड्या वेळाने मागून आवाज यायचा, "व्हा पुढे, मी आलोच. एक फोटो काढतो."

मी कसली फटकळ आहे ते तुम्हाला माहीतच आहे.
"मिलिंद, यल्ला, चल लवकर! किती ते फोटो! बस जाईल आपली!"

बस गेलीच. तो स्टॉपवर पोचला तेव्हा मी एवढंच विचारलं, "झाले का फोटो?"
तो हसला. "झाले."
पुढची बस येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो मुसफ्फाच्या पार्किंगमध्ये सापडला. स्वतःच्या गाडीत, सीटला टेकून. एसी चालूच होता.
डॉक्टर म्हणाले, हार्ट. बरेच दिवस त्रास होत असणार.
मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आम्ही आत्ताच हाइक करून आलोय!

यंदा मीरा म्हणाली, "आई, लेट्स डू दॅट वॉक अगेन."
बाबाच्या फोनमधला त्या दिवसाचा ट्रॅक तिने माझ्या ॲपमध्ये टाकला. आपण चालायला लागलो की नकाशावर त्याचा निळा ठिपकाही निघतो. त्या दिवशी तो जसा चालला, अगदी तसाच.

दहा मिनिटं झाली असतील.
"आई, बाबा इज बिहाइंड अस."

मी झटकन वळून पाहिलं. पांढरी वाट, टळटळीत ऊन. कुणी नाही.

ठिपका थांबला होता.
मी परत मागे चालत त्याच्यापर्यंत गेले.

समोर दगडी बांध. समुद्र दिसत नाही, कडा दिसत नाही.
इथे कसला फोटो काढलास रे?

पुढच्या वेळी तो थांबला तिथे निवडुंग. त्याच्या पुढच्या वेळी नुसता खडक, टेकण्याच्या उंचीचा.
अकरा वेळा थांबला तो. जिथून खरंच बघण्यासारखं होतं, तिथे एकदाही नाही.

मीराने त्याची गॅलरी उघडली. त्या दिवसाचे फोटो फक्त चार. चारही आम्हा दोघींचे, पाठमोरे.
प्रत्येक फोटोत आम्ही आधीपेक्षा लहान होत गेलेल्या.

एका उतारावर मागच्या वर्षी मागून घुसघुस असा आवाज येत होता. मी मीराला सांगितलं होतं, खाली कपारीत लाट शिरतेय, ऐक.
यंदा कपार तीच होती. लाटाही तशाच होत्या.
आवाज नव्हता. म्हणजे तेव्हाही तो लाटेचा नव्हता.

मी तिथे उभी राहून कान देऊन ऐकत राहिले. मीरा माझा हात ओढत होती. "आई, प्लीज, कम."

आम्ही स्टॉपवर पोचलो. फोनवर आलं, तुम्ही एकोणीस मिनिटं पुढे आहात.
बस समोर उभी होती.

"आई, बस!"
"जाऊ दे."
"पण आई..."
"बाबा यायचाय अजून."

बस गेली. आम्ही बाकावर बसून राहिलो, ठिपक्याकडे बघत. तो शेवटच्या चढावर आणखी दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी तोंडाने म्हटलं, "बस जरा. काही घाई नाहीये."
हे एवढंच वर्षापूर्वी म्हणायचं होतं मला. नाही म्हटलं.

मग तो आला. आमच्या ठिपक्याला लागून थांबला.

मीरा बाकावर जरा सरकली. मध्ये एकाची जागा झाली.

मिलिंद, सॉरी रे.
सावकाश ये. आता आम्ही पुढे होत नाही.